मदत हवी आहे : १७ वर्षांच्या भाचीचा रक्तदाब वाढला आहे, थांबावे का?

वाटसरू : माझी १७ वर्षांची भाची गरोदर आहे. कालच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, हिमोग्लोबिनही कमी आहे. तरीही गोळ्या लिहून देऊन पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. थांबावे की दुसरीकडे दाखवावे, हे आजच ठरवायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

दीपस्तंभ : कितवा आठवडा आहे, रक्तदाबाचा आकडा किती आणि लघवीत प्रथिने आढळली का, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

रानजाई : माझ्या धाकट्या जावेचे पहिले बाळंतपण १८व्या वर्षीच झाले. तिने लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या आणि सगळे सुखरूप पार पडले, त्यामुळे आधी रक्त वाढवावे असे माझे मत आहे. रक्तदाब भीतीनेही वाढतो.

दीपस्तंभ : रानजाईताई, भीतीने वाढलेला रक्तदाब थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजला की उतरलेला दिसतो, न मोजताच तसे धरून चालणे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयाच्या मातांना २० ते २४ वयाच्या स्त्रियांपेक्षा एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांचा, आणि बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. त्यांची बाळे ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असण्याचे प्रमाणही जास्त असते.

निरभ्र : एवढ्या लहान वयात कटीची हाडे पुरती वाढलेली नसतात, म्हणून सरळ सिझेरियनच ठरवून टाकावे.

रानजाई : केवळ वय पाहून पोट उघडायला सांगणे मला मुळीच पटत नाही. अडलेल्या बाळंतपणाची भीती खरी आहे, पण ती अगदी कोवळ्या, पंधराच्या आतल्या मुलींमध्ये विशेष असते.

शब्दवेल : या बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान २४ महिने होऊ देऊ नये. त्यासाठीच्या साधनांविषयी आत्ताच विचारून ठेवावे.

वाटसरू : एकतिसावा आठवडा आहे. रक्तदाब १४६/९४, हिमोग्लोबिन ८.९. लघवी तपासलेली नाही. कालपासून तिचे डोके दुखते आहे, पण ते जागरणाने असेल.

दीपस्तंभ : मग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि सोबत डोकेदुखी असेल, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा आणि पुढे झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा आजार, असू शकतो. आत्ताच अशा रुग्णालयात न्या जिथे प्रसूतीतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत. तिथे लघवी, प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या होतील. गरज भासल्यास झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट आणि बाळ लवकर जन्मण्याची शक्यता दिसल्यास त्याच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतील. डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे सुरू झाले, तर पोहोचताच ते आधी सांगा. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची संधीही मिळू द्या, कारण या वयाच्या मुली घरच्यांसमोर पुष्कळ काही बोलत नाहीत.

रानजाई : लोहाच्या गोळ्या चालू आहेत हेही तिथे सांगा, आणि आजवरचे सगळे कागद सोबत घ्या.

वाटसरू : गाडी बोलावली आहे. फाइल घेऊन निघतो आहोत.