मदत हवी आहे: बाबांना नागीण झाली, सिंगापूरची क्रूझ रद्द करावी की पुढे ढकलावी? विमा मिळेल का?

देवगडकन्या (पुणे):

मंडळी, थोडं लांबतंय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देणं जमणार नाही.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ घेतली आहे. एका कॅबिनमध्ये आई-बाबा, दुसऱ्यात मी, नवरा आणि मुलगा. बाबांचं लहानपण देवगडचं. मुंबईला जायचं-यायचं ते भाऊच्या धक्क्याच्या बोटीने. ती बोट बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी एकदा परत समुद्रावर रात्र काढायची हे त्यांच्या मनातून गेलं नाही. म्हणून जहाज.

निघायला महिनाही उरलेला नाही आणि बाबांच्या कपाळावर उजव्या बाजूला आग व्हायला लागली, मग पुरळ उठलं. नागीण निघाली. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या, तेवढं वेळेत झालं. पण फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत आले आहेत. तिथे आले की डोळ्याला धोका असतो म्हणे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दर थोड्या दिवसांनी तपासणी चालू आहे. त्यांनी निक्षून सांगितलं आहे, इतक्यात प्रवास नाही. उपचार घरीच चालू आहेत, भरती करायची गरज नाही. आणि नेमकं इथेच अडलंय.

विमान, क्रूझ, व्हिसा आणि प्रवास विमा, सगळं एका एजंटकडून पॅकेजमध्ये घेतलं होतं. पूर्ण पैसे भरलेले आहेत. एजंट म्हणतो, आता शंभर टक्के कॅन्सलेशन, काही परत मिळणार नाही. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की किमान २४ तास हॉस्पिटलात भरती असेल तरच सहल रद्द झाल्याचे पैसे मिळतात, ओपीडीचे कागद चालत नाहीत. हे ऐकून एजंटने सुचवलं, ‘एक दिवस भरती दाखवा, कागद होऊन जातील.’ हे मला करायचं नाही. पण मग खरोखर आजारी असलेल्या माणसाने काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

आईला बाबांना सोडून जायचं नाही. तिचा आग्रह आहे की आम्ही तिघांनी तरी जावं. आमची आत्या आणि तिचे यजमान आई-बाबांच्या जागी यायला तयार आहेत, दोघांकडे पासपोर्ट आहेत. नावं बदलता येतात का? की आई-बाबांची कॅबिन पुढच्या एखाद्या तारखेवर नेता येते? आणि आम्ही तिघंही गेलो नाही, तर आमच्या पॉलिसीतून काही मिळतं का? वडील आजारी म्हणून मुलगी थांबली, हे कारण धरतात का? विमान आणि जहाज दोन्ही एकाच वेळी रद्द करायचं की आधी एक? कृपया अनुभव असेल त्यांनी सांगावं. रक्कम आमच्यासाठी लहान नाही.

---

मुठाकाठ:

ताई, बाबांच्या डोळ्याची काळजी आधी घेताय हे अगदी बरोबर. मी जनरल इन्शुरन्समध्ये क्लेम विभागात होतो, आता निवृत्त आहे.

खोटी भरती करू नका, हा निर्णय पक्का ठेवा. विमा कंपनी इनडोअर पेपर्स मागवते, कोणती सलाइन लागली, कोणत्या वेळी नाडी पाहिली हे सगळं त्यात असतं. नागिणीसाठी गोळ्या घेणारा रुग्ण एक दिवस कशाला भरती होता, हा प्रश्न पहिल्याच वाचनात येतो. मग खरा आजारही खोटा ठरतो.

आता पॉलिसी. तुमच्या हातात दोन-तीन पानांचं सर्टिफिकेट असेल. त्यावर यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा ओळख क्रमांक असतो. त्या क्रमांकाने कंपनीच्या संकेतस्थळावरून पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग काढा. हेल्पलाइनवरचं उत्तर अंतिम धरू नका. ‘ट्रिप कॅन्सलेशन’च्या कलमात भरतीची अट आहे, की डॉक्टरांनी प्रवासास अयोग्य ठरवलं तरी चालतं, हे शब्दन् शब्द वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत भरतीची अट असते हे खरं, पण सगळ्यांत नसते, आणि एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्येही फरक सापडतो. त्याच कलमाखाली कमाल रक्कम लिहिलेली असते. ती डॉलरमध्ये असते आणि वैद्यकीय खर्चाच्या रकमेच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे मंजूर झालं तरी सगळं भरून येईल असं धरू नका. ‘इमिजिएट फॅमिली’ची व्याख्याही पाहा. त्यात आई-वडील बहुधा असतातच, म्हणजे मुलगी म्हणून तुमचा क्लेम बसू शकतो. तुमच्या यजमानांसाठी बाबा सासरे लागतात. सासू-सासरे काही पॉलिसींत धरतात, काहींत नाही. भरतीची अट असेल तर ती तुमच्या क्लेमलाही तशीच लागू होते.

बाबांना मधुमेह आहे का? असेल तर कंपनी ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून बोट दाखवू शकते. म्हणून डॉक्टरांकडून नीट पत्र घ्या. नुसता ‘विश्रांतीचा सल्ला’ नको. निदान, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला दिसलं, डोळ्याला असलेला धोका, आणि ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रवासास वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ हे वाक्य हवं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. पहिलं लक्षण पॉलिसी घेतल्यानंतरचं आहे हे त्यातून दिसलं पाहिजे. त्वचेच्या आणि डोळ्यांच्या, दोन्ही डॉक्टरांची पत्रं घ्या.

आणि क्रम असा ठेवा: आज पत्र, आजच विमा कंपनीला ईमेल, मग लगेच रद्द. त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. क्रूझचा कॅन्सलेशन चार्ज तारखेप्रमाणे वाढत जातो. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर तुम्ही थांबलात आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान कंपनी देत नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पण खरं सांगतो, पॉलिसीत भरतीची अट स्वच्छ लिहिलेली असेल तर लोकपालांकडेही बाजू लंगडी पडते. त्यामुळे सगळी आशा विम्यावर ठेवू नका, जहाज आणि विमान यांच्याकडून काय सुटतं ते आधी पाहा.

---

डेकवरून:

आम्ही दोघं अशा बऱ्याच क्रूझ करून आलोय, म्हणून जहाजाच्या बाजूचं सांगतो.

एजंट म्हणतो त्या ‘शंभर टक्के’चा हिशेब लेखी मागा. क्रूझच्या भाड्यात पोर्ट चार्जेस आणि सरकारी कर वेगळे असतात. प्रवासी चढलाच नाही तर ही रक्कम बहुतेक कंपन्या परत करतात, भाडं पूर्ण बुडालं तरी. एजंटला क्रूझ कंपनीचं मूळ कन्फर्मेशन आणि तिचे कॅन्सलेशनचे टप्पे मागा. एजंटचा स्वतःचा चार्ज वेगळा आणि कंपनीचा वेगळा असतो, हे तिथे कळतं.

नावं बदलण्याबद्दल: अनेक कंपन्या निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत नाव बदलू देतात, पण त्या कॅबिनमधला किमान एक मूळ प्रवासी कायम राहावा लागतो. दोन्ही नावं बदलली तर ते नवं बुकिंग धरतात. तुमच्याकडे दोन कॅबिन आहेत, त्यामुळे एक मार्ग विचारून बघा. तुमचे यजमान आई-बाबांच्या कॅबिनमध्ये नोंदवायचे आणि तुमच्या कॅबिनमध्ये आत्या यायची, किंवा याउलट. कंपनी दोन्ही बुकिंग एकत्र धरून मान्य करते का, ते रद्द करण्याच्या आधी विचारा. एकदा रद्द झालं की हा मार्ग बंद. आत्यांचा सिंगापूरचा व्हिसा आणि विमानाचं तिकीट मात्र नव्याने लागेल. विमानाच्या तिकिटावर नाव बदलत नाही.

आई-बाबांपैकी एकाचंच बुकिंग रद्द करण्याचा विचार असेल तर तोही नीट तपासा. कॅबिनचं भाडं दोन माणसांवर धरलेलं असतं, उरलेल्या एकाला दोघांचं भाडं पडतं.

पुढच्या तारखेवर नेणं हा हक्क नाही, पण वैद्यकीय पत्र जोडून विनंती करा. काही कंपन्या अशा वेळी पुढच्या सफरीसाठी क्रेडिट देतात. फोनवर नाही, ईमेलवर. एजंटला ‘कंपनीचं उत्तर मला फॉरवर्ड करा’ असंच सांगा.

विमान भारतीय कंपनीचं असेल तर डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम तुमच्या बाजूने आहे. मूळ भाडं नॉन-रीफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफ, पीएसएफ ही शुल्कं परत द्यावीच लागतात. विमान सुटण्याआधी रद्द करून ते मागून घ्या.

आणि काहीही झालं तरी ‘बरं वाटतंय, नेऊ या’ म्हणून बाबांना नेऊ नका. चढताना आरोग्याचं घोषणापत्र भरावं लागतं. फोड ओले असताना ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत अशाला त्यांच्यापासून कांजिण्या होऊ शकतात. जहाजावर डॉक्टर असतो, पण डोळ्यांचा तज्ज्ञ नसतो. तिथलं बिल कार्डावर लागतं आणि विम्यातून नंतर मागावं लागतं. मध्येच उतरवलं तर पुढचं सगळं तुमच्यावर.

---

न्यूजर्सीकर:

पुण्याच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण इथे आई-वडिलांना बोलावून अलास्काची क्रूझ करणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी लिहितो. अमेरिकेत मिळणाऱ्या ट्रिप पॉलिसीत बहुधा भरतीची अट नसते, डॉक्टरांनी प्रवास करू नका असं लिहून दिलं की पुरतं. पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली तर आधीच्या आजाराची अटही अनेकदा माफ होते. ‘कोणत्याही कारणाने रद्द’ असं जादा कलम घेतलं तर ५० ते ७५ टक्के परत मिळतात, मात्र निघण्याच्या ४८ तास आधी रद्द करावं लागतं. या पॉलिसी मुख्यतः इथे राहणाऱ्यांसाठी असतात. भारतातून आलेल्या पालकांचा व्हिजिटर इन्शुरन्स हा दवाखान्यासाठी असतो, क्रूझ रद्द झाल्याचे पैसे त्यातून मिळतील असं समजू नका.

आणखी एक. सिएटलहून निघालेलं जहाज चुकलं तर अलास्कातल्या जूनोला जाऊन चढू, असं बऱ्याच जणांना वाटतं. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला प्रवासी एका अमेरिकी बंदरात घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही, आणि वाटेतला कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा थांबा त्याला पुरत नाही. त्यामुळे आजारपणाने दोन दिवस उशीर झाला तरी मधून चढू देत नाहीत.

---

देवगडकन्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुठाकाठ, बाबांना मधुमेह नाही. दोन्ही डॉक्टरांची पत्रं मिळाली, त्यात तारखा आणि ‘प्रवासास अयोग्य’ हे वाक्य आहे. विमा कंपनीला ईमेल गेला, क्लेम क्रमांक आला. वर्डिंग काढलं. भरतीची अट आहे, हेल्पलाइनवाली बाई बरोबर होती. तरी क्लेम दाखल करून लेखी उत्तर घेणार आहे.

डेकवरून, तुमच्यामुळे एजंटकडे नीट बोलता आलं. कॅबिन अदलाबदलीला कंपनीने नकार दिला, पण पत्र पाहून आई-बाबांच्या भाड्यातला काही भाग वर्षभरात वापरायचं क्रेडिट म्हणून द्यायला तयार झाली. पोर्ट चार्जेस परत मिळणार आहेत, हे एजंटने आता लेखी दिलंय. आधी ‘काहीच नाही’ म्हणणारा तोच माणूस. विमानाचे करही मागितले आहेत. आम्ही तिघंही जात नाही. आईला दोन डॉक्टरांकडे एकटीने पळवायचं मला पटत नाही, मग कितीही बुडाले तरी चालतील. नवऱ्याचंही तेच म्हणणं. बाबांची बुबुळाची तपासणी आतापर्यंत ठीक आहे.

एक राहिलं. पॅकेजवर बाबांच्या पॅनवर टीसीएस, म्हणजे विकतानाच एजंटने घेतलेला आगाऊ आयकर, कापला होता. सहलच झाली नाही तर त्याचं काय?

---

मुठाकाठ:

एजंटने भरला असेल तर बाबांच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसेल. तिथे दिसला की विवरणपत्र भरताना कराच्या रकमेतून वजा करता येतो, कर लागत नसेल तर परतावा मिळतो. बाबा एरवी विवरणपत्र भरत नसतील तरी यंदा भरा. २६एएसमध्ये दिसत नसेल तर एजंटकडून चलनाची प्रत मागा. आणि क्रूझचं क्रेडिट कोणाच्या नावावर आहे, कोणत्या तारखेपर्यंत प्रवास व्हायला हवा, हेही लेखी घ्या. काही वेळा तारीख बुकिंगची असते, काही वेळा निघण्याची.