गावरान कोंबड्यांची पिल्ले एकत्र वाढवून विकण्याबाबत मदत हवी आहे

कळंब तालुक्यातील (जि. धाराशिव) आमच्या बचत गटातील 14 महिलांकडे प्रत्येकी 10 ते 15 गावरान कोंबड्या असून आजवर घरखर्चाची अडचण आली की कोंबडी विकायची, एवढाच हा व्यवहार राहिला आहे. दारात येणारा व्यापारी वजन न करता अंदाजाने भाव ठरवतो. आठवडी बाजारात एकत्र विक्री केली तेव्हा दर बरा मिळाला, पण पुढच्या खेपेला पुरेसे पक्षीच नव्हते. खरी अडचण पिल्ले जगवण्याची आहे. उबवणी यंत्र वीज जाण्यामुळे फसले, म्हणून आता खुडूक कोंबड्या एकाच वेळी अंड्यांवर बसवतो. 21 दिवसांनी पिल्ले एकदम निघाल्यास राणीखेत (मानमोडी) रोगावरील लासोटा लशीची 100 मात्रांची कुपी, जी उघडल्यावर लगेच वापरावी लागते, वाया जात नाही, हा त्यातला मोठा फायदा.

सुधारित जाती नकोत, कारण आमचे गिऱ्हाईक गावरानसाठीच जादा पैसे मोजते. राष्ट्रीय पशुधन अभियानातील 50 टक्के अनुदानाची माहिती घेतली आहे, परंतु त्यासाठी लागणारा 1000 पक्ष्यांचा प्रकल्प सध्या आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सर्वांची पिल्ले चार आठवडे एकाच घरी कृत्रिम उब देऊन सांभाळावीत, असा विचार आहे. असे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे: सांभाळणाऱ्या बाईला मोबदला जगलेल्या पिल्लामागे द्यावा की दिवसावर, आणि मेलेल्या पिल्लांचा तोटा कोणी सोसावा?