पेनिट्रेशन डेप्थ: भेदनखोली, वेधनखोली की आणखी काही?

सोनकी: फोटोडायनॅमिक उपचाराच्या, म्हणजे औषध देऊन त्यावर प्रकाश टाकून रोगट पेशी मारण्याच्या, प्रयोगपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. 'पेनिट्रेशन डेप्थ २.४ मिमी' याला 'भेदनखोली' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'प्रकाश २.४ मिमीपर्यंत पोहोचतो' केलं. वाचायला सोपं झालं, पण अर्थ बदलला ना?

धूसर: पार बदलला. दर २.४ मिमीला उजेड आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो, एवढंच ती संख्या सांगते. दुप्पट अंतरावर १४ टक्के, तिप्पटीवर ५ टक्के उरतातच. शिवाय पेशी कुठवर मरतील हे औषध किती भिनलंय, प्राणवायू किती आहे यावरही ठरतं. प्रकाशाची मात्रा दुप्पट केली तरी तेवढाच उजेड या खोलीच्या जेमतेम ०.७ पट पुढे सरकतो.

खडूफळा: 'भेदन'सुद्धा नकोच. भेदणारी वस्तू सरळ घुसते. उतीत लाल प्रकाशाची वाट साधारण दर दशांश मिलिमीटरला वळते. तो मुरतो. 'मुरणखोली' म्हणा.

वामकुक्षी: लोणच्याची बरणी आठवली! कोशात बसेल असा शब्द 'वेधनखोली'. त्यावरून वेधन, वेधी, वेधक सगळं पाडता येतं.

खडूफळा: 'वेधक प्रकाश' म्हटलं की मराठी माणूस नाट्यपरीक्षण समजेल. आणि वेध लागतात ते ग्रहणाचे.

धूसर: सोनकी, हे २.४ मोजायला उतीऐवजी पुस्तिकेत द्रावण कसलं दिलंय?

सोनकी: २० टक्क्यांचं इंट्रालिपिड (प्रकाश विखुरणारं दुधाळ स्निग्ध मिश्रण) ५० मिली, पाणी ९५० मिली, वर शोषण दर सेंमीला ०.३ होईल इतकी काळी शाई. लेझर ६३० नॅनोमीटर.

धूसर: म्हणजे १ टक्का इंट्रालिपिड, त्याचं क्षपित प्रकीर्णन (रिड्यूस्ड स्कॅटरिंग, म्हणजे दिशा विसरायला लावणारं प्रकाशाचं विखुरणं) दर सेंमीला सुमारे १०. शोषण आणि प्रकीर्णन यांची बेरीज १०.३, तिला शोषणाने आणि ३ ने गुणा, वर्गमूळ काढा: दर सेंमीला ३.०४. त्याचा व्यस्त ३.३ मिमी. मग २.४ आले कुठून? शाईच्या गुठळ्या अल्ट्रासाउंडने फोडल्या नाहीत तर शोषण उलट कमी भरतं आणि खोली वाढते, म्हणून शाईवर संशय नाही. लेझरचा ठिपका केवढा?

वामकुक्षी: आधी 'प्रकीर्णन' की 'विकिरण' ते ठरवा. शाळेच्या पुस्तकात विकिरण आहे.

खडूफळा: हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर तो शब्द गेला तर लोक घाबरतील. 'विखुरणं' काय वाईट आहे?

वामकुक्षी: मग 'क्षपित विखुरणं' लिहिणार? शोभेल का?

सोनकी: ठिपका ४ मिमीचा. उजेड मोजणारं फायबर सपाट कापलेलं, द्रावणात ५ ते १२ मिमी उतरवलंय.

धूसर: सापडलं. ठिपका खोलीच्या कित्येक पट रुंद हवा, नाहीतर उजेड बाजूंनाही पसरतो आणि अक्षावरचं वाचन जास्त वेगाने घसरतं. बिंदुस्रोत धरला तर १० मिमीवर ३.३ चे २.५ दिसतात. म्हणून एक तर झोत रुंद करा, नाहीतर वाचनाला अंतराने गुणून मगच लॉगरिदम घ्या. सपाट टोक ठरावीक कोनातलाच प्रकाश घेतं; पुरेशा खोलीवर उतार बरोबर मिळतो, पण एकूण मात्रा सांगता येत नाही. तिच्यासाठी गोल विखुरक टोक लागतं. तेही हवेत कॅलिब्रेट केलं तर पाण्यात कमी दाखवतं.

सोनकी: याच पानावर 'तीव्रता' दोनदा आलीय, आणि पृष्ठभागाखालची तीव्रता पडणाऱ्या तीव्रतेपेक्षा जास्त! छपाईची चूक?

धूसर: नाही. मागे परतणारा प्रकाशही तिथे मोजला जातो. एकक दोन्हींचं मिलिवॅट प्रति चौसेंमीच, पण राशी वेगळ्या. दोन शब्द हवेतच.

वामकुक्षी: आपतन-घनता आणि प्रवाह-घनता.

खडूफळा: 'पडता उजेड' आणि 'भरलेला उजेड'.

वामकुक्षी: अहो, हे विज्ञान आहे, पाळणा नाही!

सोनकी: मग २.४ तसंच छापू की खाली टीप देऊ?