शब्दचर्चा : ‘कस्टम टेम्प्लेट टॅग’ला मराठीत काय म्हणावे?

अर्धविराम :
मुंबईतील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी जँगो या पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्कची (संकेतस्थळे बनवण्याच्या तयार चौकटीची) एक मार्गदर्शिका मी मराठीत आणत आहे. ‘टेम्प्लेट’ला, म्हणजे मोकळ्या जागा ठेवून आधीच मांडलेल्या पानाला, ‘साचा’ हा शब्द मराठी विकिपीडियाने रुळवलेला असल्यामुळे तेथे अडचण आली नाही. अडले ते ‘कस्टम टॅग’पाशी, म्हणजे साच्यात वापरण्यासाठी आपण स्वतः लिहिलेल्या टॅगपाशी. मी ‘सानुकूल खूण’ असे लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या सहकाऱ्याने समासात विचारले की ही खूण नेमकी कोणाला अनुकूल आहे. त्याहून गंभीर आक्षेप असा की एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतील टॅगलाही मी ‘खूण’च म्हटले आहे आणि दोन्ही खुणा एकाच पानावर आल्या की वाचक गोंधळतो. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

सर्पमित्र :
दुसरा आक्षेप रास्त आहे. एचटीएमएलचा टॅग हा डबेवाल्यांच्या डब्यावरील रंगीत अक्षरांसारखा असतो. ती अक्षरे डब्याविषयी सांगतात, डबा उचलत नाहीत. जँगोचा टेम्प्लेट टॅग मात्र स्वतः काम करतो. साचा वाचला जात असताना त्या टॅगचा एक नोड (साच्यातील एक घटक) बनतो आणि पान तयार होताना त्या नोडची ‘रेंडर’ ही मेथड, म्हणजे मजकूर तयार करणारे फंक्शन, चालवली जाते. म्हणून एचटीएमएलपुरती ‘खूण’ ठेवावी आणि येथे ‘आज्ञा’ म्हणावे.

शब्दाआधी विद्यार्थ्याला प्रकार कळणे मात्र अधिक आवश्यक आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलाचे पान घ्या. १२३४५६७ ही रक्कम १२,३४,५६७ अशी दाखवायची असेल, तर टॅग लिहूच नये, फिल्टर, म्हणजे मूल्याचे रूप बदलणारे छोटे फंक्शन, लिहावा. कारण फिल्टरला एक मूल्य आणि फार तर आणखी एक आर्ग्युमेंट एवढेच लागते, आणि तो ‘इफ’च्या अटीतही वापरता येतो. एकूण थकबाकी काढून ती ‘अ‍ॅज’ने एखाद्या नावात ठेवायची असेल, तर सिंपल टॅग पुरतो. थकबाकीदारांचा तक्ता अनेक पानांवर त्याच रूपात हवा असेल, तर इन्क्लूजन टॅग घ्यावा. तो स्वतःचा वेगळा साचा भरून देतो. सुरुवात आणि शेवट यांमधील मजकुरावरच काम करायचे असेल, तर पूर्वी नोड हाताने लिहावा लागत असे. २०२५ च्या ५.२ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘सिंपल ब्लॉक टॅग’ आला आहे. माझ्या अनुभवात नवशिके नोड लिहायला उगाच धावतात आणि डेटाबेसचे हिशेबही टॅगमध्ये कोंबतात, जे खरे तर व्ह्यूमध्ये, म्हणजे साच्याला माहिती पुरवणाऱ्या भागात, असायला हवेत.

शुद्धलेखनी :
‘आज्ञा’ मान्य आहे, परंतु ‘सानुकूल’ टाकून द्यावे. ‘कूल’ म्हणजे तीर. तीराला धरून जाणारे ते अनुकूल, उलट जाणारे ते प्रतिकूल. त्यात स्वतः घडवण्याचा अर्थ कोठेही नाही, तो संगणकाच्या मेनूंनी त्यावर लादला. ‘स्वरचित आज्ञा’ म्हणावे. फिल्टरलाही ‘गाळणी’ हा घरचा शब्द असताना इंग्रजी का मिरवावे? सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ दिले, तेव्हाही लोक हसले होते. आज मुंबईत कोणी ‘मेयर’ म्हणत बसत नाही.

सर्पमित्र :
‘महापौर’ रुळला म्हणून ‘गाळणी’ योग्य ठरत नाही. जँगोचा फिल्टर बहुधा काहीच गाळत नाही. तो तारीख वेगळ्या रूपात लिहितो किंवा रकमेत स्वल्पविराम घालतो. मूळ इंग्रजी शब्दच येथे सैल आहे, आणि तो सैलपणा आपण इमानाने मराठीत का आणावा? ‘बदल’ म्हटले तरी भागते.

खिळेजुळारी :
मूळ गफलत ‘साचा’ची आहे. मी गिरगावातील छापखान्यांत आयुष्य काढले. आमच्याकडे साचा म्हणजे ज्यात शिसे ओतून खिळा, म्हणजे छपाईचे अक्षर, बनतो तो. पानांची जुळणी चौकटीत आवळून यंत्रावर चढवली की त्याला आम्ही फर्मा म्हणत असू. अर्धविराम ज्या वस्तूविषयी लिहीत आहेत, त्यात पान आधीच मांडलेले असते आणि फक्त मोकळ्या जागा भरायच्या असतात, म्हणजे तो फर्माच झाला.

शुद्धलेखनी :
काका, ‘फर्मा’ हा इंग्रजी ‘फॉर्म’चा अपभ्रंश आहे. परका शब्द टाळण्यासाठी दुसरा परका शब्द घ्यायचा, यात काय साधले? ‘साचा’ हा संस्कृत ‘संचक’ पासून आलेला, सत्य या अर्थाच्या ‘साच’शी संबंध नसलेला, स्वच्छ शब्द आहे.

खिळेजुळारी :
इंग्रजीचा कशावरून? चांभाराचाही फर्माच असतो, आणि पोर्तुगीजमध्ये ‘फोर्मा’ म्हणजे साचा किंवा जोड्याचा ठोकळा. पगार, चावी आणि पाव पोर्तुगिजांकडून घेताना आपल्याला परकेपणा टोचला नाही.

अर्धविराम :
माझा प्रश्न ‘टॅग’विषयी होता, हे नम्रपणे लक्षात आणून देते. टॅगचे आणि फिल्टरचे नावच देवनागरीत ठेवता येते का, म्हणजे निदान उदाहरणे तरी मराठीत देता येतील?

सर्पमित्र :
टॅगचे येते, नोंदणी करताना ‘नेम’मध्ये ‘थकबाकी’ लिहिले तरी तो चालतो, कारण तेथे पहिला शब्द जसाच्या तसा शोधला जातो. फिल्टरचे मात्र बहुतेक वेळा येत नाही. त्याचे नाव ज्या रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने) ओळखले जाते, त्यात पायथन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘गाळणी’ नाकारली जाते आणि ‘बदल’ बिनतक्रार चालतो.

शुद्धलेखनी :
म्हणजे घरची ‘गाळणी’ बाहेर आणि अरबीतून आलेला ‘बदल’ आत. यंत्राच्या सोयीसाठी मराठी कानामात्राहीन करावी, असा याचा अर्थ असेल तर मला तो मान्य नाही. दोष पायथनमध्ये आहे आणि तो तेथेच दुरुस्त व्हावा.

खिळेजुळारी :
आमच्या केसमध्येही, म्हणजे खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेटीतही, काना हा वेगळा खिळा असे, पण म्हणून तो शब्दाबाहेरचा आहे असे कोणी म्हणाले नाही. असो. शुद्धलेखनी यांनी ‘फर्मा’ इंग्रजीच असल्याचा आधार अजून दिलेला नाही, त्याची मी वाट पाहत आहे.