‘शोधगंगेवर नाही म्हणजे कामच झालं नाही’ म्हणे!

चाटी गल्ली
परवा इथंच, आपल्या सोलापूरकरांच्या मंचावर, एकानं शोधगंगेबद्दल, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराबद्दल, लिहिलं : “प्रबंध शोधायला आता ग्रंथालयाची पायरी चढायची गरज नाही. शोधगंगा उघडा, विषय टाका. तिथं नाही म्हणजे त्या विषयावर कामच झालेलं नाही.” पहिली दोन वाक्यं पोटात घातली असती, तिसरं घालवत नाही. याच भरवशावर पोरं ‘संशोधनातील उणीव’ या मथळ्याखाली ठोकून देतात की सोलापूरच्या गिरणी कामगारांवर कुणी लिहिलेलंच नाही.

मालक, आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ चं. त्याआधी १९६२ पासून जिल्हा शिवाजी विद्यापीठाकडं, त्याही आधी पुण्याकडं आणि १९४९ च्या मागं मुंबईकडं. १९७५ चा प्रबंध सोलापूरच्या कप्प्यात कुठून सापडणार? आणि विषय आपल्या गावचा म्हणून विद्यापीठही इकडचंच असेल असं नाही. सिद्धरामेश्वरांवरचं काम धारवाड-कलबुर्गीकडं बघा, ते कन्नडमध्ये. इंग्रजीत शोधताना गावाच्या नावात ‘एस’नंतर ‘एच’ घालूनही बघा. जुन्या प्रबंधांत तेच स्पेलिंग असतं आणि यंत्राला दोन्ही एक वाटत नाहीत.

जुळे सोलापूर
ते वाक्य माझंच. २००९ च्या यूजीसी नियमावलीपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटला द्यावी लागते. २०१६ च्या नियमांत तर पदवी देण्याआधीच द्या असं आहे. जुनेही स्कॅन करून चढवलेत. तुम्हाला सापडत नाही कारण तुम्ही वरच्या चौकटीत शब्द टाकता आणि बसता. विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शकाच्या नावानं यादी काढा. आडनाव आधी, आडनाव नंतर, नुसती आद्याक्षरं, ‘डॉ.’ लावून : एकाच गुरुजींच्या चार नोंदी असतात, चारही उघडा. तारखेवर जाऊ नका, यादीत दिसते ती बहुधा चढवल्याची तारीख. प्रबंध १९८५ चा आणि तारीख २०१४ ची, असं सर्रास.

आणि प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते, त्यात ‘८०’ आकड्यानं सुरू होणारी शिफारशींची फाइल आधी उघडा. मुखपृष्ठ आणि निष्कर्ष त्यातच असतात. चारशे पानं उतरवायची की नाही ते पाच मिनिटांत ठरतं.

सिव्हिलमागं
प्रबंध म्हणजे फक्त पीएच.डी. का? एम.डी.-एम.एस.चे प्रबंध शोधगंगेवर शोधणं म्हणजे मंगळवार बाजारात सोनं शोधणं. ते नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडं जातात आणि प्रत राहते कॉलेजच्या कपाटात. ऑनलाइन हवं तर तीन वाटा. एक, तमिळनाडूच्या डॉ. एमजीआर वैद्यकीय विद्यापीठाचं भांडार, तिथं पूर्ण प्रबंध उघडे आहेत. दोन, बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाकडचे प्रबंधांचे आराखडे : निष्कर्ष नसतात, पण संदर्भसूची आयती मिळते. तीन, सीटीआरआय ही क्लिनिकल ट्रायल नोंदवही. तिच्या नोंदीत ‘पदव्युत्तर प्रबंध : होय/नाही’ असा रकानाच आहे. आजार आणि शहर टाका, कुणी किती रुग्णांवर काय केलं ते कळतं. मग त्या नावानं एखादा लेख आलाय का ते गुगल स्कॉलरवर बघायचं.

केगाव बायपास
शेतीचंही तेच. डाळिंबावर शोधायचं तर कृषिकोश हे शेती प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, तिथं राहुरी कृषी विद्यापीठाचे एम.एस्सी.चे प्रबंधसुद्धा आहेत. आपल्या केगावचं डाळिंब केंद्र पदवी देत नाही, म्हणून तिथं केलेलं काम विद्यार्थ्याच्या विद्यापीठाच्या नावावर सापडतं. डाळिंबाच्या तेल्या रोगावर शोधताना जंतूचं एकच नाव टाकू नका. जुन्या प्रबंधांत झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस, नंतरच्यांत अ‍ॅक्सोनोपोडिस. एकाच नावावर थांबलात तर निम्मं काम हातचं गेलं.

बाळीवेस
सगळे नोंदींवरच अडकलात. मराठी प्रबंध समोर असला तरी आतला शब्द सापडत नाही, त्याचं काय? श्रीलिपी आणि तसल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेले. पानावर सुबक देवनागरी दिसते, कॉपी करून पेस्ट केलं की रोमन चिन्हांची रांग. गुगलही तेच वाचतं. ‘हातमाग’ शोधलं तर शून्य, आणि आत प्रकरणभर हातमागच.

अशोक चौक
काय रडायलाय बे, कन्व्हर्टर असतात की. टाकलं की युनिकोड.

बाळीवेस
टाकून बघितलंय का कधी? कन्व्हर्टरला आधी फॉन्ट कुठला ते सांगावं लागतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब आहे, तिथं नाव दिसतं. नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असेल तर फॉन्टचा तुकडाच आत भरलाय. त्यात सांकेतिक क्रम बदललेला असला की कन्व्हर्टर भलतंच काढतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर. कन्व्हर्टर तिथंच आपटतात.

अशोक चौक
मग पुन्हा टाइप करा हातानं! नुसती तक्रार.

बाळीवेस
तक्रार नाही, उपाय लिहायलोय, नीट वाच. पानांच्या प्रतिमा काढायच्या, ३०० डीपीआयला. त्या टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या प्रोग्रामला, मराठी भाषा निवडून द्यायच्या. जमत नसेल तर गुगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडायच्या. मोठी फाइल तिथं अडते, दहा-दहा पानांचे तुकडे करा. मजकूर बरा येतो, कोष्टकं विस्कटतात, म्हणून आकडे मूळ पानाशी ताडल्याशिवाय वापरू नका. नोंदीतली शीर्षकंही तपासा, मराठी प्रबंधाचं नाव कुठं देवनागरीत, कुठं रोमन लिपीत, कुठं इंग्रजी भाषांतरात दिलेलं असतं.

चाटी गल्ली
फॉन्टचा धागा वेगळा काढा की राव. मूळ मुद्दा जुन्या प्रबंधांचा होता. इंटरनेटआधीच्या कामाचा माग काढायचा तर भारतीय विद्यापीठ संघाचं ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ साप्ताहिक चाळा. त्यात मान्य झालेल्या प्रबंधांची विषयवार यादी छापतात. १८५७ ते १९७० ची छापील सूचीही आहे. नाव, साल, विद्यापीठ मिळालं की मगच त्या ग्रंथालयाला विचारा. बहुतेक ठिकाणी प्रबंध घरी देत नाहीत, मार्गदर्शकाचं पत्र मागतात, झेरॉक्सवरही बंधन असतं. साल माहीत नसेल तर काउंटरवरून तसंच परत.

जुळे सोलापूर
बरं, महापंडित. तिसरं वाक्य मागं घेतो : “शोधगंगेवर नाही म्हणजे शोधगंगेवर नाही.” झालं समाधान? पण परदेशातल्या कामाला तुमची छापील सूची काय कामाची? तिथं ओएटीडी ही जगभरच्या खुल्या प्रबंधांची ऑनलाइन सूची, किंवा पैसे असतील तर प्रोक्वेस्टचं प्रबंध भांडार.

चाटी गल्ली
ब्रिटनचं ईथॉस हे प्रबंधांचं ऑनलाइन दालन २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवरच्या सायबर हल्ल्यात बंद पडलं, तेव्हा एकाच दारावर बसलेल्यांची पंचाईत झाली. ज्या विद्यापीठानं पदवी दिली त्याचं स्वतःचं भांडार मात्र उघडं होतं. परदेशातही आधी तेच बघायचं.

अशोक चौक
@बाळीवेस, टेसरॅक्टमध्ये मराठी दिसत नाही, नुसती इंग्रजी आहे.

बाळीवेस
आता कसं! भाषेची फाइल वेगळी उतरवून ‘टेसडेटा’ फोल्डरात टाकायची असते. टाक, आणि आधी एकच पान चालवून बघ.