शाल-नारळ ठेवा तुमच्याकडेच, पाच वर्षांत माजी सैनिकांसाठी किती प्रश्न विचारले ते सांगा

मेजरचा_पोरगा

गेल्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झाले, गावात सगळे 'मेजर' म्हणतात (साताऱ्याकडं शिपाई पण मेजरच असतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये). तालुक्याला माजी सैनिकांचा सत्कार होता. नेत्याचं नाव लिहीत नाही, आपापल्या भागातला कुठलाही बसवा, फिट होईल. वेळ आठची, साहेब आले पावणेअकराला, तोवर मेडल लावलेली दहा-बारा म्हातारी माणसं उन्हात. मग शाल, नारळ, फोटो, चला पुढचा. घरी आल्यावर आईनं शाल झटकली तर दुकानाचं लेबल तसंच, १८० रुपये. अण्णा म्हणाले राहू दे, उन्हाळ्यात कुलरवर टाकायला होईल.

दुखणं शालीचं नाही. त्याच मांडवात अण्णांनी पीएच्या हातात एक अर्ज दिला होता. माझ्या चुलतीचे मिस्टर पण फौजेतलेच, ते वारल्यावर तिची फॅमिली पेन्शन आठ महिने लटकली, का तर पीपीओवर (पेन्शनच्या मंजुरीचा कागद) नुसतं नाव आणि आधारवर त्याच्यापुढं 'बाई' लागलंय. पीएनं कागदाची घडी करून खिशात घातली, "साहेबांच्या कानावर घालतो". तो कान अजून सापडला नाही.

आता मुद्दा. वन रँक वन पेन्शनचं काय झालं ते आठवा. एकाच हुद्द्यावरनं तेवढीच नोकरी करून सुटलेल्या दोघांना सारखी पेन्शन, मग एक १९९० ला सुटलेला असो नाहीतर २०१० ला, एवढी साधी मागणी. २०११ च्या डिसेंबरात राज्यसभेच्या याचिका समितीनं द्या म्हणून सांगितलं, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी (हो तेच, आपले माजी राज्यपाल, त्यांचं नाव निघालं की आपल्याला दुसरीच भांडणं आठवतात, पण हे काम चांगलं होतं). तेव्हाचं सरकार बसून राहिलं आणि निवडणूक तोंडावर आल्यावर फेब्रुवारी २०१४ ला अर्थमंत्री चिदंबरम यांनी अंतरिम बजेटात ५०० कोटी टाकले. पुढच्या सरकारनं हिशोब सांगितला तो वर्षाला ८ ते १० हजार कोटींचा. म्हणजे ते ५०० कोटी पण शालच. ह्यांचंही तेच, सप्टेंबर २०१३ ला रेवाडीत माजी सैनिकांच्या सभेत मोदींनी श्वेतपत्रिका काढा म्हणून गाजवलं, सत्ता आल्यावर वर्ष गेलं, जून २०१५ ला म्हातारे जंतरमंतरवर बसले, १४ ऑगस्टला म्हणजे झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांनाच धक्काबुक्की केली, तेव्हा कुठं ५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री पर्रीकरांनी घोषणा केली.

माझं म्हणणं एवढंच, उमेदवार दारात आला की जय जवान ऐकून घ्यायचं नाही. खासदारानं संरक्षण खात्याला किती प्रश्न विचारले, पेन्शनवर, ईसीएचएसवर (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), स्पर्शवर (पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल), हे लोकसभेच्या साईटवर नाव टाकलं की दिसतं. शून्य असेल तर आपलं मत पण शून्य.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ भावना समजल्या पण तुम्ही चुकीच्या माणसाची कॉलर धरून राहिले. खासदाराच्या हातात आहे काय? १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आला तेव्हापासून व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश निघाला की गपगुमान हात वर करायचा, नाहीतर खासदारकी जाते. बरं मतदान तरी कुठं, बहुतेक बिलं आवाजी मतदानानं पास, कोण हो म्हटलं कोण नाही म्हटलं काही रेकॉर्डच नाही. आणि तुमच्या फुटपट्टीत मंत्री कसा मोजणार? मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारतच नसतो, तो शून्यच राहणार ना बे.

मेजरचा_पोरगा

मंत्र्याचा मुद्दा मान्य, डोक्यातच आला नव्हता. पण व्हिप मतदानाला असतो, प्रश्न विचारायला कुठं असतो? सत्ताधारी खासदार पण स्वतःच्या मंत्र्याला प्रश्न विचारतातच की, रेल्वेचा थांबा मागायला बरोबर उठतात.

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. मी २८ वर्षं नोकरी केली. ह्या पोराच्या वडलांचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. आमची एकच कमाई, फौज कुठल्या पार्टीची नाही. उद्या माजी सैनिकांचा गठ्ठा मतं म्हणून हिशोब सुरू झाला की प्रत्येक पार्टी माजी सैनिकांचा सेल म्हणजे शाखा काढणार, निम्म्यांनी काढून पण झालेत. २०१९ ला बघितलं नाही का, निवडणूक आयोगानं मार्चमध्ये सांगितलं जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, आणि एप्रिलमध्ये लातूरला औश्याच्या सभेत पंतप्रधानांनी नवीन मतदारांना तुमचं पहिलं मत बालाकोटच्या आणि पुलवामाच्या जवानांना अर्पण करा म्हणून सांगितलं. आयोगाला त्यात काही गैर दिसलं नाही. त्याच महिन्यात दीडशेवर माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की आमचा वापर थांबवा. आपण स्वतःच मतांची भाषा बोलायला लागलो तर त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

कऱ्हाड_एक्सप्रेस

काका तुमचा आदर आहे पण वर्दी उतरवल्यावर माणूस मतदार होतो. शेतकरी उसाच्या दरावर मत मागू शकतो, मग हवालदार पेन्शनवर का नाही?

निवृत्त_सुभेदार

मागू शकतो. पण कारखान्याचा चेअरमन आणि फौज एकाच मापात मोजू नका, एवढंच म्हणतोय.

जर्सीतला_जोशी

इथली एक गोष्ट सांगतो, अमेरिका भारी वगैरे म्हणायचं नाहीये, इथं पण २०१४ ला फिनिक्सच्या माजी सैनिक हॉस्पिटलात वेटिंग लिस्टा लपवल्याचं निघालं आणि खात्याच्या मंत्र्याला जावं लागलं. पण २०२२ चा किस्सा ऐका. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायचे मोठमोठे खड्डे असायचे, त्या धुरानं आजारी पडलेल्या सैनिकांच्या उपचाराचं बिल होतं, पॅक्ट ॲक्ट. जुलैच्या शेवटी सिनेटमध्ये ते अडकलं, कारण आधी बाजूनं मत दिलेल्या २५ जणांनी मत फिरवलं. ते २५ कोण हे त्याच संध्याकाळी सगळ्या देशाला माहीत, कारण तिथं प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवतात. माजी सैनिक कॅपिटॉलच्या म्हणजे संसदेच्या पायऱ्यांवर येऊन झोपले. सहा दिवसांत तेच बिल ८६ विरुद्ध ११ नं पास. लाज वाटायला आधी नाव छापून यावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा

मी तेच म्हणून राहिलो जोशी काका, आपल्याकडं नाव छापून येतच नाही! मग मोजता काय, कप्पाळ?

हिशोबनीस

भावनेच्या भरात कोणी आकडे बघत नाही म्हणून लिहितो. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले जवळजवळ १.६१ लाख कोटी नुसते पेन्शनला. म्हणजे शंभरातले तेवीस-चोवीस रुपये. हे पैसे आले कुठून याचं उत्तर एकाही आंदोलनवाल्याकडे नसतं. प्रत्येक खासदारानं सैनिकांना खूश करायचं ठरवलं तर आत्ता सीमेवर असलेल्याच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय? लोकप्रतिनिधीनं कधी कधी नाही पण म्हणायला पाहिजे, ती पण जबाबदारीच आहे.

मेजरचा_पोरगा

हिशोबच काढायचा तर सगळ्यांचा काढू. २०१६ ला आपल्या विधानसभेनं माजी आमदाराची पेन्शन महिना ५० हजार केली, पक्ष कुठलाही असो सगळे एका सुरात, एक टर्म केली तरी चालते. शिपायाला पेन्शन बसायला १५ वर्षं लागतात. फौजच त्याला पस्तीस-चाळिशीत घरी पाठवते, पोरं शाळेत असतात, मग मॉलच्या गेटवर सिक्युरिटी. तेव्हा नाही कोणी विचारत पैसे कुठून आले.

हिशोबनीस

आमदारांची पेन्शन चूक आहे, शंभर टक्के. पण एक चूक दाखवून दुसऱ्या खर्चाचं समर्थन होत नाही हो. आणि ह्याच ओझ्यापायी पुढं अग्निपथ आली असं माझं मत. चार वर्षं, साधारण ११.७१ लाख हातात, पेन्शन नाही, पुढं कायम राहणार जास्तीत जास्त २५ टक्के. जुन्यांनी जेवढं ताणलं तेवढं नव्यांचं तुटलं.

निवृत्त_सुभेदार

हे वाक्य मागं घ्या. आम्ही ताणलं नाही. कोर्टानं सांगितलेले पैसे मागितले.

वकीलसाहेबा

सुभेदार काका बरोबर बोलतायत, थोडं सविस्तर लिहिते कारण ह्याच्यात लोकप्रतिनिधी कुठं गायब झाले ते दिसतं. १६ मार्च २०२२ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. लक्षात घ्या, निकाल सरकारच्या बाजूनंच होता, ओआरओपीची म्हणजे वन रँक वन पेन्शनची सरकारची पद्धत कोर्टानं चालवून घेतली. फक्त सरकारनं स्वतःच लिहून दिल्याप्रमाणे पाच वर्षांनी पेन्शनची फेररचना करा, १ जुलै २०१९ पासून, आणि फरक तीन महिन्यांत द्या एवढं सांगितलं. सरकारनं मुदत मागितली, परत मागितली, मंजुरी दिली २३ डिसेंबर २०२२ ला. २५ लाखांवर लोक, २३,६३८ कोटींचा फरक. आणि जानेवारी २०२३ ला मंत्रालयानं परस्पर पत्र काढलं की चार हप्त्यांत देऊ. कोर्ट चिडलं, पत्र मागं घ्यावं लागलं. मग २० मार्चला कोर्टानंच तारखा लावून दिल्या, फॅमिली पेन्शनवाल्या बायकांना आणि शौर्यपदकवाल्यांना एप्रिलअखेर, सत्तरीच्या वरच्यांना जूनअखेर, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्ते. आधी कोणाला नंतर कोणाला ही यादी वास्तविक संसदेत ठरायला हवी, ती न्यायाधीशांना बसून करावी लागली. आणि या सगळ्यात किती म्हातारे फरक न बघताच गेले असतील.

वऱ्हाडी_ठेचा

मग झालं की ताई, कोर्ट आहे. खासदार कायले पाहिजे?

वकीलसाहेबा

दादा, ती केस २०१६ ला दाखल झाली, निकाल २०२२ ला. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तुम्ही सहा वर्षं थांब म्हणताय.

पंढरीचा_टाळकरी

सगळं खरं पण मतदाराचं पण बोला की राव. आमच्या भागातलं उदाहरण घ्या, २०१७ ला आमदार प्रशांत परिचारक जवानांच्या बायकांबद्दल प्रचारसभेत जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं पण नाही. बोंब झाली, माफी मागितली, विधान परिषदेनं दीड वर्षासाठी निलंबित केलं. आणि वर्ष होतंय न होतंय तोच २०१८ ला निलंबन मागं. कोण रडलं? विरोधकांनी दोन दिवस गोंधळ घातला आणि सगळं सुरळीत. पुढं गट तसाच, सत्कार तसेच, फ्लेक्स तसेच. नेत्याला माहीत आहे की आपण लोक आठ दिवसांचे मालक आहोत.

माहेरवाशीण_गडहिंग्लज

परिचारकांचं निघालं म्हणून लिहिते. माझी आई वीरपत्नी आहे, बाबा गेले तेव्हा मी सहावीत. ते बोलणं टीव्हीवर आलं तेव्हा आई भाकरी थापत होती, तिनं काहीच म्हटलं नाही, फक्त टीव्ही बंद केला आणि परात जोरात सरकवली. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या पक्षांचे लोक घरी येऊन आईबरोबर निषेधाचा फोटो काढून गेले. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की त्या महिन्यात ती तिसऱ्यांदा बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होती, कारण अंगठा मशीनवर उठतच नव्हता. शेतात खपून रेघाच राहिल्या नाहीत बोटांवर. मशीनवाला पोरगा म्हणायचा मावशी परत पुसा, परत ठेवा, आणि ती पदरानं पुसत राहायची. मला निषेध पण नको आणि अर्पण केलेली मतं पण नकोत. दाखल्याच्या महिन्यात आमदाराचा एक माणूस बँकेत खुर्ची टाकून बसला तरी मी म्हणेन चांगला आमदार.

हिशोबनीस

ताई, हे मात्र मनापासून पटलं. ह्याला पैसे पण लागत नाहीत.

मेजरचा_पोरगा

हेच तर मोजा म्हणतोय मी. व्हिप आडवा येतो का त्याच्यात? जिल्हा सैनिक मंडळावर कलेक्टर अध्यक्ष असतो, आमदारानं तीन महिन्यांनी कलेक्टरला नुसतं विचारलं की किती केसेस पडून आहेत, तरी ऑफिस हलतं.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्या नादानं आत्ता बसून आमच्या खासदाराचे प्रश्न काढले. रस्ते, कापूस, रेल्वे, एक तर परदेशातल्या भाषा विद्यापीठाबद्दल, देव जाणे काहून. माजी सैनिक, शून्य. पण खरं सांगू का, मत मी त्यालाच देणार. आमच्या गावाचा पूल त्यानं केला, पावसाळ्यात बाळंतीण खाटेवर न्यावी लागायची. आता काय म्हणता?

मेजरचा_पोरगा

पूल केला असेल तर मी कोण नको म्हणणारा. पण पुढच्या वेळी पुलावर भेटला की विचार तरी.

वऱ्हाडी_ठेचा

विचारतो. लेखी नाही देणार बरं तो, तोंडी घेईन.

निवृत्त_सुभेदार

राजकारण तुम्ही पोरं बघा, माझं मत मी बदललेलं नाही. चुलतीच्या कामाचं सांगतो. पीएच्या खिशातला कागद विसर. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र तहसीलला करून घे, पीपीओची झेरॉक्स, आधार, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, एवढं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्या पत्रासह रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, मराठा असेल तर बेळगावला, रजिस्टर पोस्टानं पाठव. पोच जपून ठेव. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव काय लिहिलंय ते आधी बघ, बऱ्याच वेळा घोळ तिथंच असतो, भरतीच्या वेळी कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलेलं. फोटो काढून मला पाठव, आज रात्री बघतो.

मेजरचा_पोरगा

काका, बघितलं आत्ता. तिथं तर तिसरंच नाव आहे.