मशीन देऊन शेअर मिळतात, मग पुढच्या मेहनतीचे का नाही?

भोसरीकर
एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. दोन मित्र येतायत. एक जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग) मशीन देणार, दुसरा तीन वर्षं डिझाइन बघणार. दोघांना सारखे शेअर द्यायचं ठरलंय. सीए म्हणाला, मशीनचं सोपं आहे: विशेष ठराव, नोंदणीकृत व्हॅल्युअरचा (किंमत ठरवणाऱ्याचा) रिपोर्ट, करार जोडून शेअरवाटपाचा फॉर्म पीएएस-३. डिझाइनवाल्याचं म्हटल्यावर मात्र चष्मा काढून पुसत बसला. कायद्याला लोखंड दिसतं, डोकं दिसत नाही. त्या मशीनचा स्पिंडल (फिरणारा दांडा) आत्ताच कुरकुरतोय!

नारायणपेठी
कुरकुरलं तरी भंगारात चार पैसे येतील. मित्र बंगळुरूला गेला तर काय विकाल? उधारीवर बार देणारा स्टीलवाला तुमचं भांडवल बघून माल सोडतो. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यातसुद्धा पुढे काम करण्याच्या वचनावर शेअर देता येत नाहीत.

लेथमास्तर
अर्धंच सांगता राव. ती बंदी पब्लिक कंपनीला आहे, प्रायव्हेटला नाही. अमेरिकेतही पूर्वी पैसा, मालमत्ता किंवा झालेलं काम एवढंच चालायचं. १९८४ च्या सुधारित नमुना कायद्याने (राज्यांनी उचलावा असा कंपनी कायद्याचा मसुदा) पुढचं काम आणि वचनचिठ्ठीही (पैसे नंतर देण्याची लेखी हमी) मान्य केली. वर, काम होईपर्यंत शेअर अडकवून ठेवायची सोय दिली. याला म्हणतात व्यवहार.

ताळेबंद
भांडण कशाला? आपल्याकडे कंपनी कायद्याचं कलम ५४ आहे, स्वेट इक्विटी: ज्ञान किंवा मूल्यवर्धनाच्या बदल्यात शेअर. नियमांत 'मूल्यवर्धन' म्हणजे झालेला किंवा अपेक्षित फायदा. पण माणूस संचालक किंवा कर्मचारी हवा, नेहमीच्या पगारात धरलेलं काम परत मोजायचं नाही, व्हॅल्युअर इथेही लागतोच, आणि शेअर तीन वर्षं विकता येत नाहीत. अशा शेअरची एकूण मर्यादा भरणा भांडवलाच्या (शेअरपोटी जमा झालेल्या) २५ टक्के. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पहिली दहा वर्षं ५०. मित्राला टॅक्सचंही आधीच सांगा. हातात रुपया न येता शेअरच्या किमतीने करपात्र पगारी उत्पन्न वाढतं, तेव्हा दोस्ती जाते.

नारायणपेठी
'अपेक्षित फायदा'! आमच्या सोसायटीच्या बिल्डरलाही पाणी अपेक्षितच होतं.

लेथमास्तर
आणि जुन्या मशीनची किंमत काय आकाशवाणी होऊन कळते? तोही अंदाजच.

भोसरीकर
व्हॅल्युअर उद्या अकराला येतोय. स्पिंडलचं त्याला सांगू का?

नारायणपेठी
सांगू नका. त्याच्यासमोर चालू करा.